काटा कुठं असतो?

साताऱ्यात पोवई नाक्यापासून हाकेच्या अंतरावर एक खाणावळ आहे असं समजा. खाणावळवाल्याला एकुलता एक मुलगा, आणि मुलाकडं मामानं दिलेली जुनी पांढरी एस्टीम. मामाचा हिशोब सरळ होता. भंगारवाला जे देणार त्यात मामीची साडीसुद्धा येणार नाही, त्यापेक्षा भाच्याच्या दारात उभी राहू दे. भाच्याला मात्र खजिना सापडला. एस्टीम बनायची बंद झाली 2007 च्या सुमारास, पण अंगानं हलकी आणि इंजिन फिरायला उत्सुक, म्हणून रॅलीवाल्या आणि ड्रॅगवाल्या पोरांत तिला अजून मान आहे. 1298 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कागदावर 85 हॉर्सपॉवर. कागदावरचे घोडे वयोमानानं किती उरले होते हा प्रश्न वेगळा.

लोणावळ्यापलीकडं अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींचे व्हिडिओ बघून बघून पोराचं डोकं फिरलं होतं. पाव मैल, म्हणजे 402 मीटर. वळण नाही, चढ नाही, दिवा हिरवा झाला की सुटायचं. ज्या जिल्ह्यात पुसेगावच्या यात्रेतल्या बैलगाड्या बघायला माणसं पहाटे घर सोडतात, तिथं सरळ रेषेत पळण्याचं वेड कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बापालाही लागलं नाही. त्यानं फक्त अट घातली: "हायवेला हा धंदा केलास तर चावी विहिरीत टाकीन. आणि माझ्या दारात फटफट आवाज नको."

बाप फार शिकलेला नव्हता, पण त्याची अट कायद्याला धरून होती. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा प्रत्येक फेरफार मालकाला 5,000 रुपये दंडाला किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेला पात्र करतो, आणि आवाज-धुराचे निकष मोडले तर दंड 10,000 पर्यंत जातो. जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडून वरून रोलर फिरवल्याचे फोटो आपण पेपरात बघतोच. तेव्हा बापलेकांत ठरलं ते असं, की रस्त्यावर गाडी मूळच्या सामानानिशी चालेल. शर्यतीचं सामान शर्यतीच्या बंद पट्टीवर चढेल, गाडी टेम्पोवर घालून न्यायची, टेम्पोवर घालून आणायची. टेम्पोचं भाडं मुलानं रविवारी गल्ल्यावर बसून फेडायचं.

आता सामान घ्यायचं म्हणजे पहिलं काय, तर हेडर. इंजिनाच्या चार भोकांतून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करून मागं नेणारा हा पाइपांचा गुच्छ. कंपनी तिथं बिडाचा आखूड, जाड मॅनिफोल्ड देते, कारण तो स्वस्त पडतो, मुका असतो आणि वर्षानुवर्षं तडकत नाही. शर्यतीवाल्यांना तो डोळ्यांत खुपतो. त्यांना हवे असतात चार वेगळे, गोलाईत वळलेले पाइप.

पोरगा पुण्याला गेला. दुकानात भिंतभर हेडर टांगलेले. दुकानदारानं विचारलं, "बजेट किती?" मग विचारलं, "आवाज कसा पाहिजे? बसका की किंचाळणारा?" तिसरा प्रश्न त्यानं विचारला नाही. पोरानंही विचारला नाही, कारण त्याची नजर एका वस्तूवर खिळली होती. आरशासारखं पॉलिश केलेलं स्टेनलेस स्टील, पावणेदोन इंची चार पाइप, हातभर अंतरावर चारही एकदम एका तोंडात जाऊन मिळालेले. फोर-इन्टू-वन. किंमत 28,000. दुकानदार म्हणाला, "ह्यात वरचे घोडे मिळतात." आणि ते खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यात दुकानदाराला खलनायक करण्याची सोय नाही.

हेडर चढला. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी चढवली तर चाकांपाशी 70 चे 74 घोडे झाले. पोरानं त्या कागदाचा फोटो काढून मोबाइलच्या पडद्यावर लावला. आवाज तर असा, की सरावाच्या दिवशी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत बसलेली माणसं उठून उभी राहिली.

वेळ मात्र हलेना. बिडाच्या मॅनिफोल्डवर गाडी 402 मीटर 18.7 सेकंदांत जायची. नव्या हेडरवर 18.7, मग 18.8, एकदा 18.6, पुन्हा 18.8. गंमत अशी की शेवटच्या रेषेवरचा वेग दोन किलोमीटरनं वाढलेला दिसे. गाडी पोचायची जोरात, पण वेळेवर नाही. पोरानं प्लग बदलले. पेट्रोल बदललं. मागची सीट काढली, जॅक काढला, स्टेपनी काढली. टायरमधली हवा कमीजास्त केली. मित्रांनी निदान केलं की बॅक प्रेशर गेलं, शेवटाला जाळी बसव. दुसऱ्या मित्रांनी सांगितलं की बॅक प्रेशर अजून उरलंय, आहे ती जाळीपण काढ.

खाणावळीत एक म्हातारे गृहस्थ रोज रात्री दोन भाकरी खायला येत. कूपरच्या कारखान्यात सगळी नोकरी गेलेली. साताऱ्याला इंजिनांचं कौतुक आजचं नाही. धनजीशा कूपरांच्या कारखान्यात स्वातंत्र्याआधीपासून डिझेल इंजिनं बनत, आणि हे कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. (मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. एका हाताला इंजिन आणि दुसऱ्या हाताला मंत्रिमंडळ असा माणूस साताऱ्यानं पुन्हा दिलेला नाही.) म्हाताऱ्यानं पोराची कर्मकहाणी ऐकली, ताटात हात धुतला आणि म्हणाला, "सांगलीला तात्याकडं जा. कुपवाड रस्त्याला लेथ आहे त्याचा. मात्र तो विकत काय देणार न्हाई, आधी डोकं खाईल."

पोरानं हेडर उतरवून डिकीत टाकला, बिडाचा मॅनिफोल्ड परत चढवला आणि निघाला. कराड मागं टाकून पेठ नाक्याला डावीकडं, आष्ट्यावरून सांगली. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच शेतातून गेलेल्या जाड पाइपलाइनी. त्यांच्याकडं त्याचं लक्ष नव्हतं.

तात्या म्हणजे ऐंशीच्या घरातले, बारीक, बंडीला ग्रीसचे डाग. तरुणपणी किर्लोस्करवाडीत शिकाऊ म्हणून लागलेले. 1910 साली कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेली ती वाडी, तिच्या भट्टीत तात्यांनी उमेदीची वर्षं काढली. पुढं आयुष्यभर पंप आणि पाइप. गाड्यांचा नाद मुलाच्या येझदीमुळं लागला, तो सुटला नाही.

पोरानं डिकी उघडली. तात्यांनी हेडर उचलला, उन्हात धरून फिरवला. "लई देखणा आहे. वेल्डिंग करणाऱ्याचा हात चांगला." मग खाली ठेवला. "आता सांग, तुझा काटा कुठं असतो?"

"कसला काटा, तात्या?"

"आरपीएमचा. सुटल्यापासून पोचेपर्यंत काटा कुठं कुठं असतो? किती वेळ?"

"साडेसहा हजारांपर्यंत नेतो की मी! फुल्ल!"

"नेतोस रं. राहतो का तिथं?"

पोराला उत्तर देता येईना. तात्या म्हणाले, "मग हेडर घेतलास कशाच्या आधारावर? जा. काटा बघून ये. तवर मला कापशीच्या पंपाचं बुश काढायचंय."

पोरगा हिरमुसला, पण गेला. पुढच्या सरावाला त्यानं मोबाइल सीटच्या टेकूला चिकटपट्टीनं आवळून बांधला आणि मीटरवर रोखला. रात्री खाणावळ आवरल्यावर टेबल पुसून, व्हिडिओ थांबवत थांबवत, अर्ध्या अर्ध्या सेकंदाला काटा कुठं आहे ते वहीत उतरवलं. हे काम कंटाळवाणं आहे. करून बघावं. चार रन उतरवायला मध्यरात्र उलटली, आणि तिसऱ्या रनलाच त्याला कळलं की आपल्याला आपली गाडी माहीत नव्हती.

सुटताना काटा तीन हजारांवर, मग टायर घसरतात तेवढ्यापुरता उडी मारतो, ते सोडा. पहिला गिअर संपतो साडेसहाला. दुसरा टाकला की काटा धाडकन 3,600 वर. तिथून तो कष्टानं चढतो. तिसरा टाकला की 4,400 वर. तिथून तर आणखी सावकाश, कारण आता वारा आडवा येतो. सहा हजारांच्या वर काटा सगळा मिळून तीन सेकंद होता. उरलेला बहुतेक वेळ तो 3,600 ते 5,800 या पट्ट्यात घाम गाळत होता. ज्या चार घोड्यांसाठी 28,000 मोजले, ते घोडे 6,400 ला तबेल्याबाहेर येत, आणि काटा तिथं पोचतो न पोचतो तोच पोरगा गिअर बदले.

वही बघून तात्या खूश झाले. काकूंना चहा टाकायला सांगितला. मग खडू घेऊन फरशीवर बसले.

"ऐक. व्हॉल्व्ह उघडला की आतला दाबाचा वायू फाडकन बाहेर पडतो. वायू जातो त्याच्या चालीनं, पण दाबाची लाट जाते आवाजाच्या वेगानं. गरम वायूत हिशोबाला धर सेकंदाला 500 मीटर. ही लाट पाइपाच्या तोंडाशी, जिथं पाइप एकदम मोकळा होतो तिथं पोचली की उलटी फिरते. अन् फिरताना दाबाची ओढ होते. गेली ढकलत, आली ओढत. ती ओढ जर व्हॉल्व्ह मिटायच्या टायमाला माघारी आली, अन् तवा आत घेणारा व्हॉल्व्हपण किलकिला झालेला असतो, तर ती उरलेला धूर बाहेर खेचती आणि ताजी हवा आत ओढती. फुकट. ना पंप, ना टर्बो. कळलं?"

"म्हणजे टायमिंगचा खेळ."

"निव्वळ टायमिंग. आता तुझा काटा धर पाच हजार. एक फेरा किती वेळात? साठ सेकंद भागिले पाच हजार, 12 मिलिसेकंद. लाटेला जाऊन यायला धर 120 अंश, म्हणजे फेऱ्याचा तिसरा हिस्सा, 4 मिलिसेकंद. तेवढ्यात लाट चालते दोन मीटर. जाऊन-येऊन दोन, म्हणजे पाइप पाहिजे एक मीटर. आता ह्या तुझ्या देखण्याचा पाइप मोज."

पोरानं टेप लावली. पन्नास सेंटिमीटर.

"अर्धा मीटर. जाऊन-येऊन एक मीटर, दोन मिलिसेकंद. म्हणजे हा पाइप राजी होतो दहा हजार आरपीएमला. तुझं इंजिन दहा हजाराला जाईस्तोवर कनेक्टिंग रॉड रस्त्यावर पडलेला आसंल."

"मग चार घोडे कुठून वाढले?"

"बिडापेक्षा मोकळा आहे म्हणून. वर वायू जास्त, तिथं मोकळेपणाचा फायदा झाला. पण खाली काय केलंस? पावणेदोन इंची पाइप. तुझ्या एका सिलिंडरचा जीव सव्वातीनशे सीसी." तात्यांनी बाहेर बोट केलं, रस्त्यापलीकडच्या शेताकडं. "म्हैसाळच्या योजनेचं पाणी येतं बघ. एकाला वाटलं, पंप तोच ठेवून पाइप थोराड घालू, पाणी जास्त येईल. पाण्याचा वेग मेला, गाळ बसला पाइपात. लहान घातला असता तर पंपाचा ऊर फुटला असता. पाइप पंपाकडं बघून घ्यायचा. दीड इंचाऐवजी पावणेदोन घेतलास तर वायूचा वेग एक चतुर्थांशाहून जास्त पडला. वेग पडला की पाठोपाठच्या वायूला ओढ लागत न्हाई. पोरं म्हणतात बॅक प्रेशर पाहिजे. कशाला पाहिजे? दाब कुणालाच नको असतो. पाहिजे वेग."

इथं थोडं थांबून एक खरी गोष्ट सांगायला हवी. तात्यांच्या लेथच्या मागं, कपाटाच्या दाराला आतून, एका जुन्या मासिकातला मोटारसायकलचा फोटो चिकटवलेला होता; त्याची ही गोष्ट. पूर्व जर्मनीत त्शोपाऊ नावाच्या गावी एमझेडचा कारखाना होता. तिथल्या वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरकडं पैसा नव्हता, धड सुटे भाग नव्हते, पण ऑसिलोस्कोप होता. टू-स्ट्रोक इंजिनाच्या धुराड्यात लाटा कशा जातात-येतात ते तो पडद्यावर बघत बसे आणि त्याप्रमाणे पाइपाला पोट, कंबर आणि शेपूट देई. 1961 पर्यंत त्याच्या सव्वाशे सीसीच्या इंजिनानं 25 घोडे दिले, म्हणजे लिटरमागं 200, तेही बाहेरून हवा न ढकलता. तोवर हे कुणाला जमलं नव्हतं. त्याच वर्षी स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळाला, आणि काडेनची विद्या सुझुकीकडं पोचली. 1962 मध्ये 50 सीसीचं जगज्जेतेपद डेग्नरनं सुझुकीवर मिळवलं. सुझुका सर्किटवर त्याच्या नावाचं वळण अजून आहे. टू-स्ट्रोकमध्ये लाटेकडून करवून घ्यायचं काम थोडं निराळं असतं, तिथं परतलेली दाबाची लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. पण टायमिंगचं गणित तेच. ज्या कंपनीनं हे पाइपाचं गणित एवढा आटापिटा करून मिळवलं, तिचंच इंजिन पोराच्या एस्टीममध्ये होतं, आणि पोरगा पाइप पॉलिश बघून घेऊन आला होता. तात्या यावर काही बोलले नाहीत. मला राहवत नाही म्हणून मी बोललो.

हेडर करायला घेतला तो फोर-टू-वन. इंजिनात ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. म्हणून एक आणि चार ही जोडी, दोन आणि तीन ही दुसरी. जोडीतले दोघं एकमेकांपासून बरोबर एका फेऱ्याच्या अंतरानं श्वास सोडतात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत. पहिले चार पाइप दीड इंची, 40 सेंटिमीटर. मग दोन-दोन मिळून थोडे मोठे दोन, 60 सेंटिमीटर. मग एक. अशा बांधणीत एकाच ठिकाणी कमाल शक्ती मिळत नाही, पट्टा रुंद मिळतो. वरचे एक-दोन घोडे सोडावे लागतात. "सोडशील का?" तात्यांनी विचारलं. पोरगा क्षणभर गप्प राहिला, कारण मोबाइलच्या पडद्यावर अजून तो 74 चा कागद होता.

काम बघण्यासारखं झालं. तात्यांनी जुनी गॅस्केट दहा मिलिमीटरच्या प्लेटवर ठेवून कडेनं खडू फिरवला आणि फ्लँज कापली. पातळ फ्लँज तापून वाकते आणि मग गॅस्केट जळत राहते, म्हणून दहा. भोकं हेडच्या भोकांपेक्षा अगदी नखभर मोठी ठेवली. लहान ठेवली असती तर वायूच्या वाटेत कडा आली असती. पाइप वाकवायला प्रेस वापरला नाही. प्रेसमध्ये वळणावर पाइप चेपतो, आणि चेपला की दीड इंचाचा सव्वा होतो. त्यांनी कढईत भाजून कोरडी केलेली नदीची वाळू पाइपात ठोकून ठोकून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे मारले, गॅसच्या ज्योतीनं वळणाची जागा लाल केली आणि पाइप सावकाश ओढत आणला. आतली वाळू पाइपाला पोटात चेपू देत नाही. वाळू ओली राहिली तर वाफ होऊन गुट्टा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, म्हणून आधी भाजायची. वळण थंड झाल्यावर वाळू ओतून काढली आणि गोटी टाकून बघितली. गोटी न अडकता घरंगळत खाली आली.

टाके इंजिनावरच मारले, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, स्टार्टर आणि जमीन यांच्यापासून अंतर बघता येतं. पूर्ण आर्गन वेल्डिंग मात्र गाडीवरून उतरवून, फ्लँज जाड प्लेटला बोल्टनं आवळून. ऑक्सिजन सेन्सरचं भोक चारही पाइप मिळाल्यानंतर, जिथं चौघांचा धूर लागेल तिथं. शेवटी व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून आत हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. एका ठिकाणी बुडबुडा आला. "हा ठेवला असता तर बाहेरची हवा आत ओढली असती. सेन्सरला वाटलं असतं पेट्रोल कमी पडतंय, त्यानं आणखी ओतायला लावलं असतं, अन् तू पुन्हा प्लग बदलत बसला असतास." बुडबुडा बुजवला.

साध्या लोखंडाचा, सिल्व्हर पेंट मारलेला तो हेडर दिसायला अगदीच सुमार झाला. पोरानं विचारलं, "पॉलिश करता येईल का?" तात्या म्हणाले, "येईल की. वजन तेवढंच राहील, वेळ तेवढीच राहील, तू मात्र 3,000 नं हलका होशील." एकूण बिल झालं 11,500. पोरानं पाचशे कमी करायला सांगितलं. तात्यांनी केले नाहीत.

पुढच्या सरावाच्या दिवशी पोरानं एक शहाणपण केलं, जे तात्यांनीही सांगितलं नव्हतं. त्यानं दोन्ही हेडर नेले. सकाळी देखणा चढवून चार रन, मग इंजिन निवू देऊन, बोटं भाजून घेत, तात्यांचा चढवून चार रन. गाडी तीच, पेट्रोल तेच, ड्रायव्हर तोच. दुपारचं ऊन चढलं होतं, म्हणजे हवा पातळ, म्हणजे गैरसोय झालीच तर तात्यांच्या हेडरची. सुटताना आवाज इतका साधा की सकाळी उठून उभी राहिलेली माणसं चहा पीतच राहिली. एकानं विचारलं, "काय रे, सायलेन्सर चोकअप झाला का?"

18.3. मग 18.2. मग क्लच चुकला, 18.9. मग पुन्हा 18.2.

शेवटच्या रेषेवरचा वेग मात्र सकाळपेक्षा एक किलोमीटरनं कमीच होता. पोरानं रात्री व्हिडिओ उतरवले तेव्हा उलगडा झाला. दुसरा टाकल्यावर 3,600 वरून पाच हजारांपर्यंत चढायला काट्याला आधी जेवढा वेळ लागे त्यात पाव सेकंदाची बचत झाली होती, आणि तिसऱ्या गिअरमध्ये तशीच थोडी. जिथं कुणी बघत नाही, ना डायनोचा कागद, ना टाळ्या वाजवणारे, तिथं.

हिवाळ्यातल्या शर्यतीत त्याचा आपल्या गटात पाचवा नंबर आला. पहिल्या चारांत दोघांकडं चांगले टायर होते आणि दोघं त्याच्याहून चांगले चालवत होते. त्यानं पुढच्या वर्षासाठी टायरचे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच दिवशी बिडाचा मॅनिफोल्ड परत चढवून गाडीची पीयूसी काढून आणली, कारण बापानं चावी विहिरीत टाकायची धमकी मागं घेतली नव्हती.

राहता राहिला तो देखणा हेडर. पोरानं तो विकायला काढला. इस्लामपूरचा एक मुलगा आला. त्याच्याकडंही एस्टीमच, इंजिन मूळचं, कॅम मूळचा. हेडर बघून त्याचे डोळे चमकले. "केवढ्याला?"

"तू काटा कुठपर्यंत नेतोस?"

"फुल्ल नेतो."

"राहतो का तिथं?"

"तुला विकायचाय का मला नापास करायचंय?"

सातारकर म्हणाला, "तुझ्या गाडीला हा नको. साडेआठ-नऊ हजार फिरणारं, कॅम बदललेलं इंजिन असेल त्याला हा चांगला, त्यालाही थोडा लांबवून घ्यावा लागेल." मुलाला वाटलं, हा भाव वाढवतोय. तो दोन हजारांनी चढला. सातारकर नाही म्हणाला. मुलगा आणखी एक हजारानं चढला. मग सातारकरानं त्याला खाणावळीत बसवून मिसळ खाऊ घातली, वही दाखवली, मोबाइल सीटच्या टेकूला कसा बांधायचा ते दाखवलं, सांगलीचा पत्ता लिहून दिला. मुलानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, पत्त्याची चिठ्ठी खिशात घातली आणि गेला.

आठवड्यानं कळलं की त्यानं पुण्याहून तसलाच एक आणला. पावणेदोन इंची, पॉलिश केलेला. आता आवाज पेठ नाक्यापर्यंत येतो म्हणे.